धोतर नेसतात, लुगडंही नेसतात!

आमच्या बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीत हिशेब आटोपला की चहा येईपर्यंत मोबाइल फिरतात. कुणाच्या नातवाचा वाढदिवस, कुणाच्या दारातली रांगोळी, कुणाच्या शेतातला कांदा. मागे एका बैठकीत एकीनं मुलाचा फोटो दाखवला. मुलगा शिकायला स्कॉटलंडला गेलाय. मित्राच्या लग्नात तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यानं 'किल्ट' घातला होता. वर काळा कोट, टाय, पायात गुडघ्यापर्यंत मोजे आणि कमरेला चौकडीचा, चुण्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा घागरा म्हणा ना! फोटो तिघींच्या हातातून गेला आणि जी हसाहशी सुरू झाली! "अगं बाई, कुणा पोरीचा युनिफॉर्म पळवला यानं?" "तिकडं पँटी मिळत नाहीत वाटतं!" ती बिचारी आधी सगळ्यांबरोबर हसली, मग फोन पर्समध्ये टाकला. निघताना मला हळूच म्हणाली, "वहिनी, त्याला स्थळं बघतोय हो. फोटोचं बाहेर कुठं बोलू नका."

मैत्रिणींनो, मुलानं व्यसन केलं नव्हतं, कुणाला फसवलं नव्हतं. परदेशात मित्राच्या आनंदात सामील झाला, एवढंच. तरी आईला वाटलं की हे मुलीकडच्यांपासून लपवायला हवं. त्या चार चुण्यांमध्ये असं काय दडलंय, की ज्याला आपण इतकं हसतो आणि इतकं घाबरतोही?

आधी त्या किल्टची ओळख करून घेऊ. पुऱ्या किल्टला लोकरीचं साधारण आठ वार कापड लागतं. म्हणजे आपल्या नऊवारीपेक्षा वारभरच कमी! मागच्या बाजूला दाट चुण्या, पुढं दोन साधे पदर एकावर एक आणि कमरेला पट्टे. खिसा नसतो, म्हणून पुढं चामड्याची पिशवी अडकवतात. आपल्या आजोबांच्या कमरेची चंची आठवा, तसंच. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गुराख्यांचा, शेतकऱ्यांचा, लढवय्यांचा हा वेश. तिथलं बंड मोडल्यावर १७४६ साली इंग्रजांच्या पार्लमेंटनं कायदा करून तो बंद केला. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी! १७८२ मध्ये बंदी उठली. आणि १८२२ साली खुद्द राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला गेला, तो किल्ट घालून! पाऊणशे वर्षांत बंडखोरांचा वेश राजाचा झाला. कापड तेच होतं, बघणाऱ्यांचे डोळे बदलले.

आता आपल्या घरात या. आपली मराठी भाषा किती बारकाईनं बघते पाहा. पँट आपण 'घालतो', शर्ट 'घालतो', झंपर 'घालतो'. पण साडी 'नेसतो'. लुगडं नेसतो. आणि धोतरही नेसतात! पंचा नेसतात, सोवळं नेसतात. न शिवलेलं सलग कापड अंगाभोवती गुंडाळायचं, निऱ्या घालायच्या, कासोटा मारायचा, याला एकच शब्द. नेसणारी बाई आहे की बुवा, हे भाषा विचारतच नाही. आमच्या आजोळी दोरीवर आजोबांचं धोतर आणि आजीचं लुगडं शेजारी शेजारी वाळायचं. रंग आणि काठ सोडले तर वेगळं काय होतं त्यात?

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, पँटीबाहेरचे पुरुष शोधायला स्कॉटलंडला जायची गरज नाही. मेंढरं घेऊन निघालेला धनगर धोतर-पागोट्यात असतो. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून पंढरीला जाते. तिच्यातले किती वारकरी धोतरात असतात, मोजून बघा. राळेगणच्या अण्णा हजारेंना देशानं ओळखलं ते पांढऱ्या टोपी-धोतरात. 'रयत'च्या शाळा आपल्याकडं गावोगाव आहेत. त्यांचे कर्मवीर भाऊराव पाटील पुतळ्यात आणि तसबिरीत धोतरातच उभे दिसतात. पहाटे दारात येणारा वासुदेव पायघोळ झग्यात. शिर्डीच्या साईबाबांची कफनी तर घराघरातल्या फोटोत आहे. आणि शनिशिंगणापूर? अनेक वर्षं तिथं चौथऱ्यावर जाणारे पुरुष आंघोळ करून, उघड्या अंगानं, ओलेत्यानं भगवा पंचा नेसून जात. शनिअमावास्येला दूरदूरच्या शहरांतून आलेले साहेब, डॉक्टर, व्यापारी गुडघ्यावर पंचा गुंडाळून रांगेत उभे राहत. कुणी फिदीफिदी हसलं? कुणी म्हटलं, "काय हा स्कर्ट?" (बायकांना मात्र त्या चौथऱ्यावर जायला २०१६ चा गुढीपाडवा उजाडावा लागला, कुठल्याही कपड्यात! असो.)

म्हणजे बघा, देवापुढं चालतं, शेतात चालतं, म्हाताऱ्याला चालतं, लग्नाच्या बोहल्यावर तासाभरासाठी चालतं. हल्ली तर नवरदेवाला तयार शिवलेलं, नाडीचं धोतर मिळतं. मग तोच मुलगा दुसऱ्या दिवशी तेच धोतर नेसून बँकेत किंवा कॉलेजात गेला तर? "काय रे, नाटकात काम आहे का?" हे पहिलं वाक्य. "डोकं फिरलंय का?" हे दुसरं.

आणि हसण्यावर थांबलं तरी बरं. जुलै २०२४ मध्ये बेंगळुरूच्या एका मोठ्या मॉलमध्ये हावेरी जिल्ह्यातला एक वयस्कर शेतकरी मुलाबरोबर सिनेमा बघायला गेला. तिकीट हातात होतं. दारावरच्या रखवालदारानं अडवलं, कारण तो धोतरात होता! पँट घालून या म्हणाले. बातमी पसरली, लोक चिडले, कर्नाटक सरकारनं तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१४ साली, चेन्नईतल्या एका क्लबानं तर हायकोर्टाच्या न्यायाधीशांना 'वेष्टी' नेसली म्हणून आत सोडलं नव्हतं. वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर. त्यावर तमिळनाडूनं कायदाच केला, की वेष्टी नेसली म्हणून कुठल्याही क्लबानं कुणाला अडवायचं नाही. न्यायमूर्तींसाठी कायदा झाला हे चांगलंच झालं. पण आपल्या गावाकडचा आजोबा तालुक्याच्या चकचकीत दुकानात शिरताना बिचकतो, चपला बाहेर काढू का म्हणून विचारतो, त्याची बातमी कुठं होते?

आपल्या राज्य सरकारनं मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाचं पत्रक काढलं. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, सरांनी शर्ट आणि पँट, शर्ट आत खोचलेला. धोतराचं त्यात नावही नाही. एकेकाळी ज्या गुरुजींनी धोतर, कोट, टोपी या वेशात सारा महाराष्ट्र साक्षर केला, ते आज हजर झाले तर नियमात बसणार नाहीत! कुणी मुद्दाम गाळलं असेल असं नाही. पुरुष म्हणजे पँट, हे इतकं मुरलंय की दुसरं काही सुचतच नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर 'जुनं ते सोनं' म्हणून गळा काढल्यासारखं होईल. पुरुषांनी धोतर सोडलं ते काही उगीच नाही. सायकलच्या साखळीत सोगा अडकायचा, कारखान्यात यंत्राची भीती, एस.टी.च्या गर्दीत फिटायची भीती. शिवाय धोतर कुणी कसं नेसायचं, गुडघ्यावर की घोट्यापर्यंत, यातही जात बघितली जायची. १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आयाबहिणींना सांगितलं, की उच्चवर्णीय बायका लुगडं नेसतात तसंच तुम्हीही नेसा. जात ओळखू येईल अशी खूण अंगावर ठेवू नका. कापडात किती अपमान आणि किती मान भरलेला असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्यांना पँट-कोटानं ताठ मानेनं चालता आलं, त्यांना आता धोतराचे गोडवे कोण सांगणार? तेव्हा माझं म्हणणं सगळ्यांनी धोतर नेसा असं मुळीच नाही. ज्याला जे हवं त्यानं ते ल्यावं. मला बोलायचंय ते त्या हसण्याबद्दल.

हे हसू नक्की कशाचं? माझं मत सरळ आहे. आपण कापडाला हसत नाही. 'पुरुष असून बाईसारखा दिसतोय' याला हसतो. आणि त्या हसण्यात आधीच ठरलेलं असतं, की बाईसारखं दिसणं म्हणजे खाली उतरणं.

पटत नसेल तर आपल्या घरचे शब्द तपासा. "माझी मुलगी नाही, मुलगाच आहे तो!" हे कौतुक. "काय मुलीसारखा रडतोस?" ही शिवी. मुलीनं भावाची जीन्स घातली, गाडी मारली, की म्हणतो, धडाडीची आहे हो. मुलानं बहिणीची ओढणी डोक्यावरून घेतली की पाठीत धपाटा. नव्वदच्या दशकात आपल्यातल्या किती जणींनी सासरी 'पंजाबी ड्रेस' घालायला मिळावा म्हणून अबोले सोसले! ते मिळाल्यावर आपल्याला मोकळं वाटलं, बढती मिळाल्यासारखं. मग पुरुषानं आपल्या बाजूचं काही अंगावर घेतलं तर ती त्याची पदावनती कशी काय होते?

आणखी एक उदाहरण देते. ते जरा झोंबेल. पाणी आलं नाही, रस्ता झाला नाही, दारूचं दुकान बंद झालं नाही, की महिलांचा मोर्चा निघतो. छान. पण मोर्चाच्या शेवटी काय होतं? साहेबांच्या टेबलावर 'बांगड्यांचा आहेर'! कधी साडी-चोळीही. टाळ्या, फोटो. याचा अर्थ काय, तर "तू नालायक आहेस, म्हणजे बाई आहेस." हे आपणच म्हणायचं? ज्या हातांनी आपण भाकरी थापतो, खुरपणी करतो, गटाचे लाखोंचे हिशेब ठेवतो, ते हात बांगड्यांचेच आहेत की! मी आमच्या गटात दरवेळी हा मुद्दा मांडते. कुणी म्हणतं, "वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेता." लावून घ्यायलाच हवं. काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला निवेदन द्या, माहितीचा अधिकार लावा, दारात बसा. बांगड्या कशाला?

तमाशाच्या फडातसुद्धा हाच न्याय. आपल्या संगमनेरच्या कांताबाई सातारकर २०२१ मध्ये गेल्या. त्यांनी वगात शिवाजी महाराजांसारख्या पुरुषी भूमिकाही गाजवल्या. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि ते योग्यच होतं. उलट सिनेमात 'नाच्या' रंगवणारे गणपत पाटील बघा. कलाकार म्हणून बिनतोड, पण ती भूमिका लोकांनी त्यांच्या खऱ्या आयुष्याला चिकटवली आणि घरच्यांपर्यंत त्याची झळ गेली. बालगंधर्व रंगमंचावर नऊवारी नेसून आले तर घराघरातल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या. पण ते रंगमंचावर! पडदा पडला की पुरुषानं पुन्हा पुरुष व्हायचं, ही अट होतीच.

कुणी म्हणेल, "बाई, आमच्या प्रश्नांना अंत नाही, आणि तुम्ही पुरुषांच्या कपड्यांचं काय घेऊन बसलात?" रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला एका मुलानं दिलं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका खेड्यात कामानिमित्त माझं जाणं-येणं होतं. तिथला आठवीतला एक मुलगा. गॅदरिंगमध्ये मुली कमी पडल्या म्हणून त्याला लुगडं नेसवून गवळणीत उभं केलं. सुंदर नाचला पोरगा, बक्षीसही मिळालं. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं नावच 'गवळण' पडलं. मधल्या सुट्टीत पोरं चड्डी ओढायची. बाप म्हणाला, "तुला नाचायला कुणी सांगितलं होतं?" पोरगा शाळेत जाईना. पोट दुखतंय म्हणायचा. महिन्याभरानं आईनं मला गाठलं. दोन-तीनदा घरी गेले, बापाशी बोलले, मुख्याध्यापकांशी बोलले. मुलगा शाळेत परत आला, पण नाच सोडूनच! आणि पुढं हाच पोरगा दुसऱ्या एका मऊ स्वभावाच्या पोराला 'बायल्या' म्हणून चिडवायला लागला. कारण आपण तसे नाही हे त्याला रोज सिद्ध करायचं होतं.

मैत्रिणींनो, हाच मुलगा उद्या कुणाचा तरी नवरा होणार. बाईसारखं दिसणं, बाईसारखं रडणं, बाईचं काम करणं म्हणजे नामुष्की, हे ज्याच्या डोक्यात हसून हसून भरलंय, तो घरात भांड्याला हात लावेल? बायकोचा सल्ला ऐकेल? चारचौघांत 'बायकोच्या मुठीत' म्हटलं की तो घरी येऊन कुणावर हात उगारणार? म्हणून तर मुलाच्या किल्टचा प्रश्न माझा आहे, तुमचा आहे.

बरं, या हसण्यात फक्त पुरुषच हसतात असं नाही. स्कॉटलंडातसुद्धा किल्ट घातलेल्या पुरुषाला "आत काय घातलंय?" हा प्रश्न हमखास येतो. काही वर्षांपूर्वी तिथल्या इन्व्हरनेस शहरातल्या एका बारमध्ये किल्ट घालून काम करणाऱ्या मुलांनी तक्रार केली, की प्यालेल्या बायका किल्टला हात घालतात. वाचून मला वाईट वाटलं, आणि आपल्याकडची एस.टी.ची गर्दी आठवली. कपडा आखूड दिसला की बघायचा, ओढायचा, बोलायचा परवाना मिळाला असं मानणं, मग मानणारा बाप्या असो की बाई, दोन्हीकडं चूकच. शिर्डीत डिसेंबर २०२० मध्ये 'भारतीय संस्कृतीला साजेसा पोशाख करा' असे फलक लागले, तेव्हा केवढा वाद झाला! त्यातही बहुतेक चर्चा बायकांच्याच कपड्यांची होती. कपड्यावरून माणसाची परीक्षा घ्यायची सवय एकदा लागली, की ती कुणालाच सोडत नाही.

एक हलकीफुलकी गोष्टही सांगते. जून २०१७ मध्ये युरोपात उन्हाची लाट आली. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या एका शाळेत मुलांना अर्धी पँट चालत नव्हती. नियमात पँट किंवा स्कर्ट एवढंच होतं. मग काय, पोरं सरळ स्कर्ट घालून आली! त्याच सुमाराला फ्रान्समधल्या नांत शहरात बसचालकांनीही तेच केलं. शेवटी दोन्हीकडं अर्ध्या पँटीची वाट मोकळी झाली. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. नवरे, मुलं जाड जीन्समध्ये घामाघूम होऊन घरी येतात आणि दारातच लुंगी शोधतात. घरातली ती मोकळी हवा रस्त्यावर नेली तर कुणाचं काय बिघडतं? त्यांना अडवतो तो कायदा नव्हे, 'लोक काय म्हणतील' हे तीन शब्द अडवतात. या शब्दांनी आपलं आयुष्य किती आखडलं हे आपल्याइतकं कोण जाणतं?

म्हणून करण्यासारखं थोडंच आहे, पण ते आपल्याच हातात आहे. मोर्चात बांगड्यांचा आहेर बंद. घरात 'मुलीसारखा रडू नको' बंद. गॅदरिंगमध्ये लुगडं नेसून नाचलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात शाबासकी, आणि चिडवणाऱ्याला तिथल्या तिथं समज. पालकसभेला जाल तेव्हा हे बाईंच्या, सरांच्या कानावर घाला. धोतरातले आजोबा दुकानात, बँकेत बिचकताना दिसले तर "या बाबा, बसा" एवढं म्हणा. आणि कुणाचा मुलगा किल्टमध्ये, कुणाचा लुंगीत, कुणाचा धोतरात फोटो काढून पाठवेल, तर बघून म्हणा, "छान दिसतोय हो. निऱ्या नीट बसल्यात!" नेसणं म्हणजे काय असतं, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. त्याची किंमत आपणच कमी लेखली, तर दुसऱ्यांनी ती का करावी?